माईकवरून गाडीची व्युत्पत्ती

३ जून
साहेब म्हणाले, बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायला मशीन येणार. हा आठवडा मी बोलायचं, पुढचा मशीनने. मग ठरणार, माईक कुणाकडे. करा खुशाल! मशीन फलाट सांगेल, ज्ञान थोडंच देणार आहे? संकल्प: घोषणांच्या मधल्या वेळात प्रवाशांना 'गाडी' हा शब्द शिकवायचा. दिवसभर गाडी गाडी करतात, गाडी म्हणजे काय ते एकालाही माहीत नाही.

४ जून
सुरुवात झोकात. मूळ सांगितलं: प्राकृतात 'गड्डी', काही कोशकार पार संस्कृत 'गंत्री'पर्यंत नेतात. स्टँडवर शांतता. श्रोते भारावले होते. कंडक्टर म्हणाला, लोक फलाट नंबर ऐकायला थांबले होते. जळतो मेला.

५ जून
आज गाडा थोरला, गाडी धाकटी, गाडं बिचारं कायम अडलेलं. शेवटी 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण. रंगलं.
घरी हिला सगळं ऐकवून विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, नळ्याचं राहू द्या. शुक्रवारी आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, सकाळी तिकडे जाणारी एकच गाडी, तेवढी नीट सांगा, तारीख मोठ्या मुश्किलीने मिळालीय. म्हटलं, अगं, जावई माईकवर असताना सासूची गाडी चुकेल?

६ जून
एका गृहस्थाची गाडी चुकली. तक्रार. साहेबांची ताकीद: फक्त फलाट सांगायचा. ठीक आहे. उद्यापासून थोडक्यात.

७ जून, शुक्रवार
थोडक्यातच बोलत होतो. पण 'लागणे' आडवं आलं. फलाटाला गाडी लागते, घाटात माणसाला गाडी लागते. हे सोडून पुढे कसं जाणार? तिथून गाडी रुळावर येणे, गाडी घसरणे, संसाराचा गाडा. वेळेचं भान राहिलं नाही.
नेहमीच्या फलाटावर खोदकाम, म्हणून दवाखान्याकडची गाडी आज मागच्या बाजूला लावली होती. तसा निरोप मला दिलेला. सांगायचा राहिला. ही आणि सासूबाई पुढच्या बाकावर पिशव्या मांडीवर घेऊन माझ्या घोषणेची वाट बघत बसलेल्या, आणि गाडी मागून निघून गेली.
सासूबाई माझ्या खोलीच्या खिडकीशी आल्या. म्हणाल्या, जावईबापू, गाडी म्हणजे काय ते कळलं हो, कुठे उभी आहे तेवढं सांगायचं होतं. हिने पिशव्या उचलल्या आणि आईला घेऊन घरी गेली. ऑपरेशन आता ऑगस्टमध्ये. फार वाईट वाटलं. तरी मूळ चूक खोदकामाची.

१० जून
माईक काढून घेतला. मला टायरच्या स्टोअरमध्ये बसवलंय. बसवू देत. आठवड्यात मशीन बंद पडेल, मग येतील हात जोडत. मी लगेच हो म्हणणार नाही.

९ ऑगस्ट, सकाळ
मशीन अजून चालू आहे. योगायोग.
सासूबाईंच्या ऑपरेशनला तिघे निघालो. रजा काढली. हिला बजावलं, यावेळी सगळी जबाबदारी माझी. मशीनने फलाट सांगितला, दोघी उठल्या, चढल्या, खिडकीची जागाही मिळाली. मी हिला म्हटलं, आलोच. 'गाडी'तला 'डी' ते यंत्र असा उच्चारतं की अंगावर काटा येतो. तडक साहेबांच्या खोलीत गेलो आणि सुनावलं. मुळापासून सुनावलं. साहेब ऐकत होते, घड्याळाकडे बघत.
बाहेर आलो तर गाडी गेटातून वळत होती. हिने खिडकीतून हात केला. निदान मला तरी तसं दिसलं. सासूबाई पुढे बघत होत्या.