गालिनाच्या फळीवरचा पाव

१२ जानेवारी, सोमवार. किलकेनी

पहाटे क्लोनडॉकिनच्या घरून निघाले. लेक शाळेच्या स्वेटरमध्ये दारात उभी, "बाय मॅम." इथल्या आयरिश पोरांसारखी इराही आईला मॅमच म्हणते. नितीनने डबा दिला, कशाचा ते आत्ता उघडल्यावर कळलं. चार आठवडे इथल्या मेडिकल वॉर्डवर. शनि-रवि घरी.

खोली गालिनाकडे. रशियातली, साठीची, वीस वर्षं इथे. दारात मी हात पुढे केला तर घेईना. दंडाला धरून आधी आत ओढलं, मग हातात हात. उंबरठ्यावर देणंघेणं करायचं नाही म्हणे. आईला ही बाई आवडेल. बूट बाहेर, पायात तिच्याकडच्या चौकड्याच्या सपाता.

हॉलमधल्या आरशावर चादर टाकलेली. विचारलं नाही. बरंच आहे, येता-जाता स्वतःचं तोंड बघायला नको.

नानांना जाऊन आज पाच आठवडे. अजून रडले नाही. नोंद म्हणून लिहून ठेवते.

१३ जाने.

सकाळी ग्रेच्का. तपकिरी दाणे, भाजलेल्या भगरीसारखे, वर लोण्याचा गोळा. सोबत केफिर. म्हणजे ताकच, जरा फसफसणारं. चव लागली का? लागली असावी. वाटी रिकामी झाली.

राउंडला सिनियर डॉक्टर म्हणाले, "यू सेटलिंग इन ओके?" ग्रँड म्हणाले. सगळं ग्रँडच असतं इथे.

१५ जाने., गुरुवार

बोर्श्ट. गालिनाने माझ्यासाठी मटण न घालता केलं. बीटचं लाल सूप, वर आंबट साय. आमच्याकडे बीट म्हणजे कोशिंबिरीच्या कडेला लाजत बसलेलं. इथे थेट नवरदेव.

जेवताना मी सवयीने शीळ घालत होते. नानांची सवय, माझ्याकडे आलेली. गालिनाने चमचा टेबलावर आपटला. घरात शीळ नाही! पैसा उडून जातो म्हणे.

मग समीरचा फोन. "ताई, तिकिटाचं काय झालं?" बघते म्हणाले. "महिनाभर हेच ऐकतोय." मागून आईचा आवाज, "तिले सांग, तिच्याच शब्दावर शिवला तो कावळा."

एकदा लिहूनच टाकते. दहाव्याला वर्ध्यात घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास. समीरने आईला सांभाळीन म्हणून कबूल केलं, काकांनी घर विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळे झाडावर, खाली एक येईना. मग समीरने मला व्हिडिओ कॉल लावला. मी ब्युमॉन्ट हॉस्पिटलला ड्यूटीवर, राउंड सुरू होणार, दारात चारजण माझ्यासाठी खोळंबलेले. "ताई, तूच सांग आता." मी म्हटलं, नाना, मी येते घरी, लवकर येते. फोन लवकर बंद व्हावा म्हणून म्हटलं. आणि कावळा शिवला. समीर रडायला लागला. मी राउंडला गेले.

तेव्हाही जाता आलं असतं. ड्यूटी बदलून मिळाली असती. मी कोणाला विचारलंच नाही.

१९ जाने., सोमवार

शनि-रवि घरी जाऊन आले. नितीनने तारखांचा विषय काढला, मी भांडी लावत राहिले. इरा म्हणाली, "मॅम, यू आर नॉट लिसनिंग." बरोबर आहे तिचं.

गालिनाने संध्याकाळी क्वास दिलं. काळ्या पावाचं आंबवलेलं पेय. आईच्या हातची आंबील आठवली. नुसतीच आठवली, पुढे काही झालं नाही.

स्वयंपाकघरातल्या फळीवर एका माणसाचा फोटो आहे. टोपी, हातात मोठा मासा, हसतोय. नवरा असणार. "नाही आता," एवढंच ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. कधी गेला ते मी विचारलं नाही. फोटोपुढे छोटा ग्लास, पाण्यासारखं काही, त्यावर काळ्या पावाचा तुकडा झाकणासारखा. वाळून कडक झालाय.

२१ जाने., बुधवार

आज माती खाल्ली मी.

दुपारी लवकर सुटले. घरी गालिना नव्हती. चहा केला, त्या पावाकडे लक्ष गेलं. दगड झाला होता. गेलेल्या माणसाचं पान असं दिवसेंदिवस घरात ठेवतं का कोणी? आमच्याकडे ते कावळ्याला घालतात. तिला वेळ होत नसेल, असं वाटलं. म्हटलं, मदत करू. मागच्या भिंतीवर पाव नेऊन ठेवला. इथले कावळे लहान, मानेला राखाडी. एकाने क्षणात उचलला, दुसऱ्याशी भांडला, उडाला. मला केवढं बरं वाटलं! किती आठवड्यांनी काहीतरी नीट केलं. ग्लासातलं बेसिनमध्ये ओतलं, वासावरून व्होडका. ग्लास घासून पालथा घातला.

गालिना आली. फळीकडे बघितलं. कोट न काढता खुर्चीवर बसली.

"कुठंय?"

कावळ्याला दिलं म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, "आज एकतिसावा दिवस."

म्हणजे तो गेल्या महिन्यात गेलाय. डिसेंबरात. मी आले तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्यांच्यात माणूस चाळीस दिवस घरातच असतो, येतो-जातो. तो ग्लास त्याचा. आरशावरची चादर त्यासाठीच. चाळिसाव्याला निरोप द्यायचा. तोपर्यंत कोणी हात लावायचा नसतो.

सॉरी म्हणाले. आम्ही डॉक्टर लोक नातेवाइकांना म्हणतो त्या आवाजात.

२२ जाने.

सकाळी टेबलावर माझा नाश्ता नाही. तिची खोली बंद.

संध्याकाळी फळीवर नवा ग्लास, नवा पाव. गालिना म्हणाली, "बस. सांग. कावळ्याला का?"

सांगितलं. पिंड, घाट, अर्धा तास, कॉल. दारातले चारजणही सांगितले, जे नितीनलासुद्धा सांगितलेले नाहीत. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "मग गेलीस?"

नाही.

"का?"

रजेचं सांगायला लागले, तिने हात हलवला. मग खरं काय ते निघालं तोंडातून. मी जात नाही तोपर्यंत नाना व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेले आहेत. गेले की ती खुर्ची रिकामी बघावी लागेल. गालिनाने मान हलवली. जॅमची बशी माझ्याकडे सरकवली. कोऱ्या चहासोबत चमच्याने जॅम खातात हे लोक. खाल्ला.

"माझ्या यूराचा पाव तुझ्या कावळ्याने नेला," ती म्हणाली. "त्याला आवडलं असतं. पक्ष्यांना सगळा पाव घालायचा, मी ओरडायची."

ती रडली. मी टिश्यू दिला.

३० जाने., शुक्रवार

यूराचा चाळिसावा. नितीनला कळवलं, उद्या येते.

फुलं नेली. अकरा. शुभ म्हणून सम आकडा टाळला, हाताला लागलेली सवय. गालिनाने मोजली आणि एक काढून घेतलं. गेलेल्यांना सम, जिवंतांना विषम. काढलेलं फूल माझ्या कोटाच्या खिशात खोचलं.

मी सोडून सातजण टेबलाशी. काटे नाहीत, फक्त चमचे. आधी कुत्या, म्हणजे शिजवलेले गहू, मध, मनुका. आमची गव्हाची खीरच, दूध नसलेली. प्रत्येकाने तीन चमचे. मग धिरड्यासारखे ब्लीनी आणि किस्येल, फळांची दाट पेज. व्होडका उभ्याने, ग्लासला ग्लास न लावता. मी घोटभर घेतली, घसा जळला. निदान तेवढं तरी जाणवलं.

प्रत्येकाने यूराबद्दल एक गोष्ट सांगायची असते. मासे, जुनी गाडी, कोणाचं छप्पर त्याने फुकट दुरुस्त केलेलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, मी त्यांना ओळखत नाही. गालिना म्हणाली, "मग तुझ्या वडिलांची सांग."

उभी राहिले. नाना चित्रकलेचे मास्तर होते एवढं म्हणाले. पुढे शब्द येईना. सातजण चमचे खाली ठेवून थांबले. कोणाला घाई नव्हती. ते शीळ घालायचे, म्हणाले. आणि बसले.

नंतर गालिनाने ग्लास भिंतीपाशी मातीत ओतला, पाव भिंतीवर ठेवला. माझ्याकडे बघून. आरशावरची चादर काढली. पूर्वीसारखीच दिसते मी. केस वाढलेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. बॅग दारात, गाडीची किल्ली हातात, आणि गालिना म्हणते, बस. प्रवासाला निघताना सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं. ती खुर्चीवर, मी बॅगवर. फ्रिजचा आवाज. मग गुडघ्यावर थाप मारून उठली, "आता जा." लोणच्याच्या काकड्यांची बरणी दिली, तीही दाराच्या आतच.

साडेपाचला क्लोनडॉकिन. बॅग हॉलमध्ये ठेवली. उघडावीशी वाटेना, तशीच तिच्यावर बसले. नितीन अजून ऑफिसातून यायचा होता. इरा जिन्यावरून खाली आली.

"मॅम, आर यू कमिंग ऑर गोइंग?"

बस म्हटलं. ती माझ्या शेजारी अर्ध्या बॅगवर टेकली. "वी जस्ट सिट?" हो, नुसतं. बसलो दोघी. तिने मिनिट कुठलं, अर्धं मिनिट काढलं असेल.

मग म्हणाली, "आर वी गोइंग टू नानाज हाउस?"

आजीचं म्हणाली नाही. नानांचं म्हणाली.

हो म्हणाले. या वेळी दारात कोणी खोळंबलेलं नव्हतं.

तिकीट अजून काढलेलं नाही. बॅग हॉलमध्येच आहे, उघडलेली नाही.