भाव उतरेपर्यंत

ताई,

आईला कॉम्प्युटरजवळ जाऊ देऊ नकोस. जेवण झालं की ती नेहमीसारखी बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायला बसेल, तेव्हा स्पीकर बिघडलाय म्हणून सांग. खरं म्हणजे सकाळपासून हार्ड डिस्क टकटक वाजत होती आणि मग एकही फाइल उघडेना. मी डिस्क काढून दुरुस्तीवाल्याकडे नेतोय.

बाबांच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठेच नाही. तुझ्या लॅपटॉपमध्ये होती, पण तू जागा पुरत नाही म्हणालीस म्हणून मीच ती पुसली. नवी डिस्क घे, असं तू तीनदा बजावलंस आणि मी दर वेळी म्हणालो, थांब, भाव अजून उतरतील. काय बोलायचं ते मला बोल, पण आईसमोर नको.

दुरुस्तीवाला फोनवर नुसतं "बघू" म्हणाला. तू फोन करू नकोस, मीच करेन. फोन वाजला की दचकायला होतं.

टेबलावरच्या खोक्यात नवी डिस्क आहे, आज सकाळीच आली. जुनीच्या निम्म्या किमतीत चौपट जागा मिळाली. बाबांचं सगळं बोलणं तिच्या एका कोपऱ्यात मावेल, हाती लागलं तर.

— धाकटा