लांब टेबलावरची जागा

सोमवार, ६ मार्च
भांडारपालबाई आजही खिडकीजवळच्या टेबलाशी एकट्याच जेवल्या. आम्ही सगळे लांब टेबलाभोवती, कोपराला कोपर लावून. हा ठराव कोणी मांडला? अनुमोदन कोणी दिले? माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराला प्रत्येक निर्णयाखाली कोणाची तरी सही असावी असे वाटते.

मंगळवार, ७ मार्च
अधीक्षक या नात्याने विचारपूस केली. रोखपाल म्हणाला, "माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही हो. पण कोणीच बसत नाही, तर मी कशाला उगाच?" जावक कारकुनाचे उत्तर जवळजवळ शब्दशः हेच. टंकलेखिकेने तर मलाच विचारले— "त्यांनी केलंय तरी काय, साहेब?"

म्हणजे कारण कोणालाच ठाऊक नाही. तरीही शिस्त अशी की बाई पाणी घ्यायला उठल्या की सगळ्यांचे बोलणे एकदम थांबते. ती शांतता आता घरीही माझ्या कानात असते.

गुरुवार, ९ मार्च
बाई बदलीचा अर्ज घेऊन आल्या. बदली म्हणजे परगाव. आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. "तिला कुठे हलवू, साहेब? पण इथे घास उतरत नाही." अर्ज पुढे पाठवला नाही. दुपारी डबा उचलून त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. मागे चमच्यांचा आवाजही बंद झाला.

सौ. म्हणाली, "जगाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का?"

सोमवार, १३ मार्च
टंकलेखिकेने हाक मारली, "बाई, या ना इकडे, सरकतो आम्ही." बाईंनी डबा आवरला. उठताना हळूच म्हणाल्या, "राग मानू नका, साहेब. दोघांना एकदम नाही बोलावणार ते."

संध्याकाळी त्यांनी अर्ज परत मागून घेतला. हेतू साध्य झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

बुधवार, १५ मार्च
पाणी घ्यायला उठलो. बोलणे थांबले. बाईंचेही.

शुक्रवार, १७ मार्च
सौ.ने डबा उघडून पाहिला— "पोळ्या तशाच?" म्हटले, भूक नव्हती. माझ्याविरुद्ध कोणीही काहीही ठरवलेले नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. त्यामुळेच दाद मागावी तरी कोणाकडे?

सोमवार, २० मार्च
नवी लेखापाल आज रुजू झाली. माझ्या मुलीच्या वयाची. इथली रीत ठाऊक नसल्याने डबा घेऊन सरळ माझ्यासमोर आली. "बसू ना, काका?"

लांब टेबल गप्प झाले. रोखपाल किंचित सरकला; त्याच्या शेजारी एकाच माणसापुरती जागा झाली.

मी डबा झाकला आणि त्या जागेवर जाऊन बसलो.