सांध्याला घंटीचं बटण

अहो,

सकाळच्या गाडीने भोपाळला जातेय, गोविंदभावजी बरोबर आहेत. तुमच्या बदलीचा हुकूम तुम्ही खेळातल्या रेल्वेच्या फळीखाली दडवला होतात, तो काल रूळ बदलायचा सांधा दुरुस्त करताना मला सापडला. तीस तारखेपर्यंत होकार नाही दिला तर नोकरी जाईल, असं त्यात साफ लिहिलंय. नव्या राज्याची राजधानी भोपाळला गेली. रुसून बसल्याने ती ग्वाल्हेरला परत येणार नाही.

आता सांध्याचं. रूळ सरकवणारी कॉइल दोनदा जळली ती तुमच्या हट्टाने. दिव्याचं बटण लावलं की वीज चालूच राहते नि कॉइल तापते; सिग्नलच्या दिव्याला ते ठीक. सांध्याला घंटीचं बटण लागतं. दाबायचं, रूळ सरकला की सोडायचं. मी नया बाजारातून दोन आणलीत. दुकानदार म्हणाला, "बाईसाहेब, एक घर में दो घंटी?" हसू दे मेल्याला.

एक आज लावा. दुसरं, भोपाळला फळीवर नवं स्टेशन कराल त्याला ठेवा. सबंध फळी न्यायचीय, म्हणून मोठ्या खोलीचं घर शोधतेय.

पिठलं झाकून ठेवलंय, रागावलात तरी जेवा. हुकूम बटणांशेजारी आहे. शनिवारी येईन तेव्हा त्यावर तुमची सही हवी, आणि गाडी सांध्यावरून नीट वळायला हवी.

पद्मा