ती तुला आई म्हणते

आई, गेल्या महिन्यात मी तिच्या विभागात जाऊन आले. आपल्या वस्तीतल्या शेवटच्या घरातली ती, माझ्याहून लहान. शाळा सुटली की आधी आपल्या स्वयंपाकघरात यायची आणि मग स्वतःच्या घरी जायची. आता ती विद्यापीठात बायोमेडिकल विभागाची प्रमुख आहे. दारावर तिच्या नावाची पाटी आहे. ती वाचताना मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही, मत्सरच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला मला तूच हवी होतीस, कारण ती पाटी तूच लावलीस.

का गेले ते आधी सांगते. मी अजून किनाऱ्यावरच्या त्याच छोट्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आपल्या बौद्ध वस्त्यांतली, कोळीवाड्यातली, मोहल्ल्यातली मुलं इथं बी.एस्सी.ला येतात, कारण संध्याकाळी घरी परतता येतं. आता इथली दोन वर्षं जमेस धरून विद्यापीठाच्या चार वर्षांच्या बायोमेडिकल पदवीला मधूनच, दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण ते कोणी त्यांना सांगत नाही, आणि गेलीच तर जे विषय कच्चे राहिलेत ते कोणी पक्के करून घेत नाही. ते काम मी रविवारी करते. अलिबागच्या एका लॅबवाल्याच्या मिनतवाऱ्या करून जुनी यंत्रं आणलीत, त्यात रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं सेंट्रिफ्यूजही आहे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला रक्ताच्या काचा कशा करायच्या ते शिकवते, मुलाखतीत खाली न बघता बोलायला शिकवते. यंदा रेवदंड्याची एक मुलगी तयार झाली. तिचे वडील अलिबागची रिक्षा चालवतात. मी त्यांना बोलावून घेतलं. मुंबई, हॉस्टेल, तीन वर्षं घराबाहेर, सगळं कसं समजवायचं याची उजळणी करून बसले होते. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मॅडम, मला यातलं काय समजत न्हाय. पण ती जायचं म्हणते ना? मग जाऊ दे. घरात कमी बोलणं होईल, दुसरं काय?" आणि भाडं उभं आहे म्हणून निघून गेले.

एवढं सोपं असतं होय हे, आई? माझी बारावी झालेली. तू चुलीपुढे सुपात जवळा निवडते आहेस. मी म्हणते, मला मुंबईला जायचंय, रोगजंतूंचा अभ्यास करायचाय. तू मान वर करत नाहीस. जवळ्यातला कचरा काढत म्हणतेस, "इथंच बी.एस्सी. कर. मग बी.एड. शिक्षिकेची नोकरी हातची सोडू नये." मी रडते तेव्हा म्हणतेस, "रडायला काय झालं? कमी काय आहे तुला इथं?" कमी काहीच नव्हतं. तू जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई, घराण्यात पगार आणणारी पहिली. मी मुकाट्याने राहिले. पुढे तिची बारावी झाली. दिवसभर ओट्यावर पत्ते कुटणारा तिचा बाप पोरीला पाठवायला तयार होईना. मला तो प्रसंग काल घडल्यासारखा दिसतो. तू त्याच्या अंगणात उभी आहेस, पदर खोचलेला. तो म्हणतो, "बाई, पोर एकटी ममईला जाऊन काय करल?" आणि तू म्हणतेस, "तू इथं जे करतोस ते तरी करणार नाही!" सगळी वस्ती हसते. मीही हसले होते. रात्री मात्र झोप आली नाही. माझ्यासाठी तू कुणाच्या अंगणात उभी राहिली नव्हतीस. माझ्या वाटेत तर तूच होतीस.

तर विद्यापीठातली ती मुलाखत. रेवदंड्याची मुलगी आत बसली, मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. समितीतल्या एका गृहस्थांनी कागद चाळून नाक मुरडलं. जीवरसायनाची प्रात्यक्षिकं अपुरी आहेत म्हणाले. मग विचारलं, "कॉलेजात सेंट्रिफ्यूज तरी आहे का?" ती म्हणाली, "आहे सर. लाइट असली तर चालतं." दोघंजण हसले. आपली ती हसली नाही. तिने विचारलं, "आणि लाइट नसली तर?" मुलगी म्हणाली, "रक्तात न गोठायचं औषध घालून नळी उभी ठेवतो, मॅडम. लाल पेशी आपोआप खाली बसतात. वेळ लागतो, पण बसतात." मी शिकवलेलं ती इतकं नीट बोलत होती आणि मला, आई, क्षणभर वाटलं, ही अडखळावी. माझीच मुलगी, माझीच मेहनत. पण त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. शेवटी निर्णय आपल्या तिनेच दिला, प्रमुख म्हणून. राहिलेली प्रात्यक्षिकं सुट्टीत विभागातच करून घेऊ, प्रवेश दुसऱ्या वर्षाला.

नंतर ती मला कँटीनला घेऊन गेली. "जयभीम ताई, किती वर्षांनी!" म्हणत माझा हात सोडेना. सगळ्यांना सांगत होती, "या आमच्या आईंच्या मुलगी." ती तुला आई म्हणते. आधी बाई म्हणायची. कधी बदललं म्हणून विचारलं तर म्हणाली, "हॉस्टेलमध्ये. दर महिन्याला यायच्या ना त्या. सुकटीची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या. रडले की वेणी घालून द्यायच्या." मला काहीच ठाऊक नव्हतं. महिन्यातून एका शनिवारी तू पंचायत समितीत कामाला जातेस, एवढंच घरी माहीत होतं. माझी वेणी तू चौथीनंतर घातली नाहीस. मी चहा ढवळत राहिले आणि न राहवून विचारलं, "माझ्याबद्दल बोलायची का कधी?" तिने जरा विचार केला. म्हणाली, "एकदा मीच विचारलं होतं, ताईंना का नाही पाठवलंत? तर म्हणाल्या, तिला पाठवलं असतं तर घरी मी बोलले असते कुणाशी."

तिला वाटलं मला बरं वाटेल. नाही वाटलं. संताप आला. बाबा गेल्यावर घरात आपण दोघीच, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण मग हे मला का नाही सांगितलंस? नोकरीचं कारण कशाला पुढे केलंस? तू "राहा" म्हणाली असतीस तर मी राहिले असते, रडलेसुद्धा नसते. आणि रिक्षावाल्या माणसाला जे एका वाक्यात जमलं ते माझ्या शिकलेल्या आईला का जमू नये?

मुलगी सोमवारी हॉस्टेलला गेली. वडिलांनी रिक्षानेच अलिबागला सोडलं, मीही सोबत होते. गाडी सुटल्यावर ते बराच वेळ स्टँडवरच उभे होते. मग म्हणाले, "चला मॅडम," आणि परतीत एक शब्द बोलले नाहीत.

हे पत्र कपाटात ठेवीन, दुसरं कुठे धाडणार? फक्त एक राहिलं. कँटीनमध्ये ती चटणीचं कौतुक करत होती, अगदी डोळे मिटून, तेव्हा मी म्हणाले, "ती चटणी मीच वाटून द्यायचे." ती म्हणाली, "तरीच!" आणि मी ते खोटं तसंच राहू दिलं.