नाटक, जेवण आणि नऊ मिनिटं

मंगळवार, १४ तारीख
दुपारी साडेतीन, हॉटेल

प्रिय धाकट्यास,

दादाचा आशीर्वाद. तो घ्यायचा की नाही हे तू ठरव, पण त्याच्याशिवाय पत्र सुरू करायची मला सवय नाही.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. साडेचार ओळी, त्याही टाइप केलेल्या, आणि खाली सहीसोबत तुझा हुद्दा. नऊ वर्षांनी भावाचं पत्र यावं आणि ते 'आपल्या अनुभवाचा लाभ मिळावा' असं संपावं, याचं मला आधी हसू आलं. मग नाही आलं. आईने विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हटलं, एका नाट्यसंस्थेचं. खोटं नव्हतं ते.

इकडची खुशाली अशी. तुझ्या वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता ती माझ्याहून भरभर चालते आणि ते मला दिवसातून दोनदा ऐकवते. तुझी पुतणी नोकरीला लागली. आई ब्याऐंशीची झाली. नजर पार अधू झालीय, वर्तमानपत्र मी वाचून दाखवतो, पण खोलीत कोण आलं हे तिला पावलांवरून कळतं. हॉटेलचे मालक बदलले, माणसं बदलली, मी आणि भट्टीवाले काका तेवढे उरलोय. काका अजून तसेच. परवा एका नव्या वेटरने मीठ मागितलं तर म्हणाले, "माझ्या भाजीत मीठ कमी आहे असं वाटत असेल तर आधी जीभ बदलून ये."

आता तुझा प्रश्न. नाटक आणि जेवण एका तिकिटात द्यावं की नाही.

तू समोरच्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक होतास तेव्हा, तुला आठवतं तसं, ते चांगलं चालायचं. पण चाललं म्हणजे बरं होतं असं नाही, हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस तुला मिळणार नाही. माणसं पॅकेज का घेतात? स्वस्त पडतं म्हणून नाही. फरक फार नसतो, आणि ठरलेल्या जेवणात आम्ही पदार्थ आमच्या सोयीचे घालायचो, त्यांच्या आवडीचे नाही. ती घेतात ठरवायचा त्रास वाचतो म्हणून. वर्षातून एकदा बाहेर पडणारी जोडपी असतात. कुठे जेवायचं, कुठली खुर्ची मिळेल, वेळेत पोचू का, ही सगळी काळजी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी असं त्यांना वाटतं. साडेपाचला येऊन बसतात. सूप येतं, ते घड्याळ बघतात. जेवण येतं, ते घड्याळ बघतात. आपापसांत फारसं बोलत नाहीत, कारण बोलण्याला वेळ लागतो. काका म्हणायचे, ही माणसं जेवायला येत नाहीत, गाडी पकडायला येतात.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की करायचंच असेल तर जेवण नाटकानंतर ठेव. तुझे विश्वस्त म्हणतील, उशीर होतो, हॉटेलवाले तयार होत नाहीत. होतात. तू हटून बस. नाटक पाहून आलेल्या माणसांकडे बोलायला काहीतरी असतं. ती हळू जेवतात. त्यांना कुठे पोचायचं नसतं.

दुसरं, म्हाताऱ्या माणसांना रांगेच्या मधल्या खुर्च्या देऊ नकोस. पॅकेज म्हटलं की सगळ्यांना वाटतं, मधली जागा म्हणजे मानाची. तशी ती असतेच. पण तिथून उठायचं तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात, आणि आपल्या आधीची पिढी दहा जणांना त्रास देण्यापेक्षा गप्प बसून राहते. त्यांना कडेची खुर्ची दे.

आणि जेवणाच्या खोलीत घंटा लावू नकोस.

इथे मघाशी मी पेन खाली ठेवलं होतं. उठून सगळ्या टेबलांवरचे नॅपकिन पुन्हा घातले. ते आधीच नीट होते.

घंटेची कल्पना माझी होती, हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. नाट्यगृहातून रस्त्याखालून वायर आणली, परवानगी तू काढलीस, खड्डा आपण दोघांनी खणला. तिकडे पहिली घंटा झाली की इथे भिंतीवर तीच घंटा वाजायची, आणि नियम असा की घंटा झाली की वेटरने प्लेट उचलायची. खाणं झालेलं असो वा नसो. पाहुण्याला हसून म्हणायचं, चला, तुमची वेळ झाली. सहा वर्षांत पॅकेजचा एकही पाहुणा पडदा वर गेल्यावर आत शिरला नाही. मी हे चार माणसांत छाती फुगवून सांगायचो. तुझ्या लग्नातही सांगितलं होतं.

आईबाबांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, त्या दिवशीचं जेवण माझ्याकडून आणि खुर्च्या तुझ्याकडून. मधल्या रांगेतल्या अगदी मधल्या. बाबांनी स्वतःच शिवलेला करडा कोट घातला होता. ते जेवायला किती हळू, तुला माहीतच आहे. टाके मोजल्यासारखा एकेक घास. मी त्यांच्या टेबलाशी दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही, स्वतः वाढलं. सहा चाळीसला घंटा झाली. आई हात धुवायला गेली होती. प्लेट अर्धी भरलेली होती आणि बाबा चमचा ठेवून बसले होते.

ते म्हणाले, "थोरल्या, छातीत दडपल्यासारखं होतंय रे. जरा बसू दे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. तो मला दिसला. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की दिसला नाही, पण दिसला होता. मी म्हणालो, "बाबा, घाईत गिळलंत म्हणून होतंय. तिथे जाऊन बसायचंच आहे की. चला, घंटा झाली." आणि मी त्यांची प्लेट उचलली.

ते टेबलाला धरून उठले. म्हणाले, "उठतो बाबा. माझ्यामुळे तुझ्या नियमाला बट्टा नको." आई आली तेव्हा तिच्याकडे बघून हसले. मी दारातून दोघांना रस्ता ओलांडताना पाहिलं. समोरच्या चौदा पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. मी आत वळलो, कारण आणखी पाच टेबलं उचलायची होती.

पुढचं तुला माहीत आहे. निदान तुझ्या वाटणीचं. आठ दहाला द्वारपालाने तुला येऊन सांगितलं की मधल्या रांगेत कुणा म्हाताऱ्यांना बरं वाटत नाहीये. कुणा म्हाताऱ्यांना. तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, मध्यंतराला नऊ मिनिटं आहेत, पडदा पडला की लगेच बाहेर घेऊ. ते आपले बाबा आहेत हे तुला ठाऊक नव्हतं. मला हे दुसऱ्याच दिवशी द्वारपालाने सांगितलं होतं. मी ते ऐकून घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? तू माझ्या शेजारी उभा होतास. आई बाकावर होती. मी म्हणालो, "नाटक चालू असताना." माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, की मलाच ते खरं वाटलं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. आणि पहाटे बाबा गेल्यावर, त्या व्हरांड्यात, मामांच्या, आत्याच्या, सगळ्यांच्या देखत मी तुला म्हणालो, "नऊ मिनिटांसाठी बाप घालवलास."

तू निदान भांडला असतास, तर कदाचित माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं असतं. बघ, इथेही मी तुझ्यावर ढकलतोय.

तुझी नऊ मिनिटं होती, धाकट्या. माझा दीड तास होता. तुझ्याकडे निरोप आला तो परक्या माणसाचा. माझ्याशी ते स्वतः बोलले होते, नावाने हाक मारून.

महिन्याभरात तू नोकरी सोडलीस, गाव सोडलंस. निघताना आईच्या पाया पडायला आलास तेव्हा ती खोलीतून बाहेर आली नाही. ती माझ्या शब्दावर विसंबून राहिली होती. तू दाराशी बराच वेळ उभा होतास. मी जेवणाच्या टेबलाशी बसून तुझी पाठ बघत होतो. त्या आठवड्यात मी घंटेची वायर कापली. मालकांना सांगितलं, उंदरांनी कुरतडली. तो लाकडी डबा अजून भिंतीवर आहे. नवीन मालकांना तो शोभेचा वाटतो.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: परवडतं. हॉटेलला परवडतं, नाट्यगृहालाही परवडतं. त्या दोघांच्या मधे जो माणूस असतो, त्याचं कुणीतरी बघायला हवं, एवढंच. आपण दोघं एकमेकांच्या वेळा सांभाळत होतो आणि त्या माणसाला इकडून तिकडे देत होतो.

हे पत्र मी आज पेटीत टाकणार होतो. टाकत नाही. एक काम राहिलंय.


गुरुवार, १६ तारीख
सकाळी, घरी

काल दुपारी मी सुट्टी घेतली आणि आईला हे पत्र वाचून दाखवलं. तुझी वहिनी तिथेच होती. तिलाही मी आजवर काही सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीचं ऐकून आई हसली, काकांचं मिठाचं तिला आवडलं. घंटेपाशी आलो तेव्हा तिने हातातला रुमाल मांडीवर सरळ करायला घेतला. शेवटपर्यंत ती तो सरळ करत होती.

वाचून झालं. ती म्हणाली, "ते 'दडपल्यासारखं' कुठे आहे ते पुन्हा वाच." मी वाचलं. मग म्हणाली, "मी किती वेळ हात धूत होते?"

मी म्हटलं, दोन मिनिटं असतील.

"दोन मिनिटांत एवढं झालं," ती म्हणाली. "आणि मी नऊ वर्षं त्या पोराला दारात उभं ठेवलं."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, भिंत चाचपत आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी मी ताट घेऊन गेलो तर म्हणाली, ठेव आणि जा. वहिनीच्या हातून जेवली. वहिनी माझ्याशी बोलतेय, पण कामापुरतं. माझं काही म्हणणं नाही. तुला अशी नऊ वर्षं काढावी लागली, मला अजून एक दिवस झाला नाही.

आज सकाळी आईने हाक मारली. मला वाटलं, वर्तमानपत्र. तिने तुझा फोन नंबर मागितला. तुझ्या पत्राच्या वर छापलेला आहे तो मी मोठ्या अक्षरात लिहून दिला, तरी तिला दिसला नाही, म्हणून तिने तो पाठ केला. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. रविवारी अकरा वाजता करणार आहे, तेव्हा त्या फोनपाशी राहा. मी त्या वेळी घराबाहेर असेन, तसं तिनेच सांगितलंय. तुला काय बोलायचं ते मोकळेपणाने बोल.

माझी क्षमा कर, असं मी लिहीत नाही. ते मागणं झालं, आणि मागायची बाजू माझी नाही. मामांना आणि आत्याला मी वेगळी पत्रं लिहिली आहेत. व्हरांड्यात होते त्या सगळ्यांना कळेल. आजच्या टपालात ती तुझ्या पत्राबरोबरच पडतील.

आईचा निरोप तेवढा जसाच्या तसा लिहितो. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, ये. कधीही ये. आणि थोरल्या, तो येईल त्या दिवशी तू वाढायचंस. तो उठेपर्यंत ताटाला हात लावायचा नाहीस."

तू येशील की नाही, मला माहीत नाही. आलास तर सावकाश जेव.

तुझं जेवण होईपर्यंत बाजूला उभा राहणारा,
तुझा दादा