फ्लोरिडाच्या दोन पोथ्या

॥ श्री ॥

वैशाली, गाझियाबाद
११ जानेवारी १९९८

चि. सौ. नीला हिस विष्णूदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आत घातलेली विमानाची तीन तिकिटं पोचली. हेमांगीनं ती देवापुढे ठेवली आहेत, त्यामुळे गेले चार दिवस आमचा गणपतीही परदेशी निघाल्यासारखा दिसतो. सरकारी प्रवास-सवलत कन्याकुमारीला संपते. पद्माकररावांनी मनावर घेतलं नसतं तर फ्लोरिडातलं ते खेळांचं नगर आम्हाला केबलवरच पाहावं लागलं असतं. केबल आता इथे घरोघर आली आहे. वीज मात्र वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यासारखी येते.

चेतनाला परवा अकरावं लागलं. टीव्हीवर त्या नगराची जाहिरात लागली की हातातला घास हातात राहतो. जूनला किती दिवस उरले ते ती रोज सकाळी मला सांगते. मी विचारलेलं नसतं.

तयारी काय, असं तू विचारतेस. माझी सव्वीस वर्षं खात्यात जुन्या संस्कृत पोथ्या लावण्यात गेली. पुस्तकात पाहिल्याशिवाय मी पलीकडच्या सेक्टरात भाजी आणायलाही जात नाही, हे तुझ्या वहिनीचं मत. तेव्हा रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर गेलो. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या गाइडांखाली त्या नगराचंच एक मार्गदर्शक पुस्तक सापडलं. आवृत्ती १९७९ची, कव्हर नाही, कुणा बाळानं चित्रांना मिशा काढलेल्या. मी ते पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं. लेखक शहाणा आहे, सूत्रासारखं आखूड लिहितो.

चेतनाच्या कॅलिपरबद्दल त्यात स्पष्ट आहे. पायाला आधार बांधलेल्या मुलांना तेवीसपैकी चौदा खेळांत बसवत नाहीत. आधी कळलं ते बरं. पोलिओनं तिचा डावा पाय धरला तेव्हा आधी कुणी कळवलं नव्हतं. हे पुस्तक निदान कळवतं.

विमानात सामानाला मर्यादा असते असं ऐकतो. तुझा लोभ त्या वजनात धरत नसावेत. तो पूर्वीइतकाच असू दे.

तुझा,
विष्णूदादा


एडिसन, न्यू जर्सी
४ फेब्रुवारी १९९८

ती. दादास नीलाचा सा. न. वि. वि.

१९७९? दादा, तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं आणि तुझ्या डोक्यावर केस होते. जगात तेवढ्यात बरंच काही झालं. त्या पार्कात तर कितीतरी जुन्या राइड पाडून नव्या बांधल्या. ते पुस्तक घेऊन गेलास तर पाडलेल्या राइडपुढे रांग लावून उभा राहशील, आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे शेवटी पार्काचंच चुकलं म्हणशील.

ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ दिल्लीला येताहेत. त्यांच्याबरोबर यंदाचं पुस्तक पाठवते आहे. सहाशे पानांचं आहे, त्यांनी कुरकुर केली, मी ऐकून घेतलं नाही. अपंग पाहुण्यांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे, चैतन्यनं तिथे पिवळा कागद चिकटवलाय. कॅलिपर घालून कशात बसता येतं, कुठे वेगळ्या दारानं आत घेतात, सगळं आहे. मनाई फक्त तीन ठिकाणी. चैतन्य विचारत होता की चेतनाला पुढची सीट आवडते की मागची. मी म्हटलं, तिलाच विचार. तेरा वर्षांचा घोडा, लाजला.

ह्यांचा निरोप असा की दादांनी फक्त पेन्सिल आणावी, बाकी सगळं इथे मिळतं.

वहिनींना नमस्कार, चेतनाला पापा. तुझे आशीर्वाद आहेतच. अधूनमधून माझं ऐकतही जा.

तुझी,
नीला


वैशाली
१ मार्च १९९८

चि. सौ. नीला हिस अनेक आशीर्वाद.

पुस्तक पावलं. ते गृहस्थ घरी आले, ग्रंथ टेबलावर ठेवला आणि आधी पाणी मागितलं.

आता माझं म्हणणं शांतपणे ऐक. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समोर आल्या की आमच्याकडे रीत ठरलेली आहे. जुनी ती प्रमाण, आखूड ती प्रमाण. नवीत जे जास्तीचं दिसतं ते बहुधा कुणीतरी मागाहून घुसडलेलं असतं. जुनी प्रत एकशे वीस पानांची, तुझी सहाशेची. जुनीत मनाया चौदा, तुझीत तीन. मग अकरा मनाया गेल्या कुठे? एखाद्या दयाळू लेखनिकानं गाळल्या, एवढंच म्हणता येतं. दयाळू लेखनिकांनी आमच्या खात्याचं फार नुकसान केलं आहे.

तेव्हा मी जुन्या पुस्तकाप्रमाणे चार दिवसांचा कार्यक्रम वहीत आखला आहे. पहिल्या दिवशी नगराभोवतीची आगगाडी. दुसऱ्या दिवशी बाहुल्यांचा खेळ आणि बगीचा. तिसऱ्या दिवशी मिरवणूक, ती खुर्चीवर बसून पाहता येते. चौथ्या दिवशी पुन्हा आगगाडी, कारण ती चांगली आहे असं लेखक म्हणतो. बाकीच्या खेळांवर लाल रेघ मारली आहे, म्हणजे ऐन वेळी गोंधळ नको. चैतन्यला अर्थातच मोकळीक.

ई-मेल करत जा असं तू लिहिलंस. आमच्या ऑफिसात संगणक आला आहे. त्याच्यावर शिवलेलं कापड घातलेलं असतं आणि ते काढायचा अधिकार मला नाही. पत्रच बरं.

मतभेद झाले तरी माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
विष्णूदादा


वैशाली
८ मार्च

प्रिय आत्या, सा. न.

हे पत्र आई पोस्ट करणार आहे. बाबांना माहीत नाही. तू पण सांगू नको, प्लीज.

आत्या, मी बाबांची वही बघितली. त्यांनी लाल पेनने बिल्कुल सगळं काटून टाकलंय. पहाडवाली गाडी काटली, पाण्याची बोट काटली, उडणारी खुर्ची पण काटली. फक्त ट्रेन ठेवली. ट्रेन तर गाझियाबादला पण आहे यार!

मी नवीन पुस्तक पण वाचलं. इंग्लिश आहे म्हणून मला जास्त समजतं. त्यात लिहिलंय की मी बसू शकते. बाबा म्हणतात ते पुस्तक भरवशाचं नाही. मला माहिती आहे की काही लोक मला ना बोलतील. बोलू देत. पण त्यांनी ना बोलावं ना, बाबांनी का बोलायचं? ते तर राइडवाले नाहीत.

आई म्हणाली की हे तू बाबांना सांग. मी दोनदा सांगायला गेले. ते इतक्या प्रेमाने बघतात की मग मी अभ्यासाचंच काहीतरी विचारते.

चैतन्यला सांग मला पुढची सीट. माझ्या मराठीत मिस्टेक असतील त्या माफ कर आणि मला विसरू नको.

तुझी,
चेतना


एडिसन
२ एप्रिल १९९८

ती. दादास सा. न.

आज विनोद सुचत नाही, म्हणून सरळ लिहिते.

तुझा कार्यक्रम वाचला. मला एका जाणकार व्यक्तीनं वहीतल्या लाल रेघांबद्दलही कळवलंय. कोण ते विचारू नकोस, आणि घरात चौकशी बसवू नकोस. त्या व्यक्तीचं म्हणणं असं की नाही म्हणायचं असेल तर राइडवाल्यांनी म्हणावं, बाबांनी का म्हणायचं? मी हे वाक्य चार वेळा वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं, तर हे उठून खिडकीपाशी गेले.

दादा, गेल्या दसऱ्याच्या मेळ्यातलं मला वहिनींनी तेव्हाच लिहिलं होतं. चेतना आकाशपाळण्यात जाऊन बसली होती. त्या माणसानं कॅलिपर पाहून तिला सगळ्या रांगेसमोर खाली उतरवलं. नऊ वर्षांच्या मुलीला तू कडेवर घेऊन घरापर्यंत चालत आलास. ती चालू शकत होती तरी. त्यानंतर तुमच्या घरात मेळ्याचं नावही निघालेलं नाही.

तुझ्या पोथ्यांची रीत मला कळत नाही, पण तू मला कळतोस. ते पुस्तक जुनं आहे म्हणून तू निवडलं नाहीस. त्यात चौदा वेळा नाही लिहिलंय म्हणून निवडलंस. दुसरं कुणी नाही म्हणण्याआधी ते तुला घरातच म्हणून टाकायचंय, कडेवर घेऊन, प्रेमानं. बाबा गेल्यावर तू मलाही असंच सांभाळलंस. पोहायला जाऊ दिलं नाहीस. मी एकोणतिसाव्या वर्षी इथे पोहायला शिकले, माझ्या रांगेतली सगळी मुलं सहा वर्षांची होती.

रागावलास तर पत्रातच रागव, गप्प बसू नकोस. तेवढं मी मागते, बाकी तू न मागता देत आलास.

तुझी,
नीला


वैशाली
२६ एप्रिल १९९८

चि. नीला हिस आशीर्वाद.

गप्प बसू नकोस असं लिहिलंस म्हणून लिहितो. तुझं पत्र आल्यापासून दोन आठवडे गप्पच होतो.

ती जाणकार व्यक्ती कोण ते मी विचारलं नाही. पण परवा संध्याकाळी वही आणि नवं पुस्तक दोन्ही त्या व्यक्तीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं की मला इंग्रजी बारीक अक्षरात दिसत नाही, तूच कार्यक्रम आख.  तिनं पेन्सिल मागितली. माझी पेन्सिल, नीला! आता रोज जेवण झालं की ती पान वाचते आणि मला अर्थ सांगते. काही ठिकाणी मला तिचा अर्थ पटत नाही. मी बोलत नाही. हेमांगी म्हणते की हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

भीती गेलेली नाही. तुला खोटं कशाला लिहू? जुनं पुस्तक कपाटात ठेवलंय. दोनदा काढून पाहिलं.

तू तिथे पोहायला शिकलीस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझं बरोबर आहे. जूनमध्ये भेटू तेव्हा मी याविषयी काही बोलणार नाही, तरी बोललो असं समजावं, आणि आजवर होतं तसंच मला मोठ्या भावात धरावं.

तुझा,
दादा


वैशाली
१९ जुलै १९९८

चि. सौ. नीला हिस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलंच होतं. हेमांगीनं तुझ्याकडून आणलेल्या जिन्नसांचं प्रदर्शन मांडलं आहे. शेजारच्या चोप्राबाई दोनदा येऊन गेल्या.

एक गोष्ट तिथे असताना सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी तू आणि हेमांगी जेवणाच्या रांगेत होतात, पद्माकरराव जागा धरून बसले होते, तेव्हा मी दोन्ही मुलांना घेऊन त्या डोंगरावरच्या गाडीपाशी गेलो. नव्या पुस्तकात चेतनाला परवानगी होती. मी पानात बोट घालूनच उभा होतो. दारावरच्या मुलीनं तिचा पाय पाहिला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि सांगितलं की यंदा बैठका बदलल्या आहेत, पुढचा दांडा कॅलिपरवर नीट लागत नाही, तेव्हा यात बसवता येणार नाही. मागे शंभरेक माणसं उभी.

म्हणजे नवं पुस्तकही चुकलं. जिच्या भीतीनं मी सहा महिने वह्या भरल्या ती गोष्ट समोर येऊन उभी राहिली. मी भांडणासाठी इंग्रजी जुळवत होतो. जुळवता जुळवता डोळे भरले. तेवढ्यात चेतनानं त्या मुलीला विचारलं की मग कशात बसू. तिनं पलीकडच्या गाडीकडे बोट दाखवलं. ती जास्त उलटीपालटी होते, पण तिचा दांडा वेगळा आहे म्हणे. चेतना थँक्यू म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली की बाबा, रडू नका ना, सगळे बघतायत. तुम्ही त्या बाकावर बसा, मी आणि चैतन्य जाऊन येतो.

मी बसलो. ती दोघं तासाभरानं आली, केस उभे, घसे बसलेले. चारदा बसली म्हणे, चारही वेळा पुढे. मी इतका वेळ काय केलं ते दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

इथे आल्यावर तिनं जाहीर केलं की ती आता शाळेत बसनं जाणार. इतकी वर्षं मी स्कूटरवर सोडत होतो, हे तुला माहीत आहे. बसची पायरी उंच, मुलं धक्काबुक्की करतात, हे सगळं मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली की बघू, ड्रायव्हर काय म्हणतो. ड्रायव्हर काहीच म्हणाला नाही.

पहिल्या दिवशी मी स्कूटरवरून बसच्या मागे शाळेपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या फाटकापर्यंत. तिसऱ्या दिवशी तिनं मला ताकीद दिली की सोसायटीच्या गेटपर्यंतच यायचं, आणि टाटा करायचा नाही. मी गेटाशी उभा राहिलो. बस वळली तेव्हा ती खिडकीत होती. शेजारच्या मुलीला हातवारे करून काहीतरी सांगत होती, बहुधा त्या उलट्यापालट्या गाडीचंच. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी घरी आलो तर हेमांगीनं विचारलं की आज इतक्या लवकर कसे? आठ वाजायला अजून वीस मिनिटं होती. काय करावं ते कळेना, म्हणून चहा मागितला आणि तुला हे पत्र लिहायला बसलो, ते आज रविवारी पुरं होतंय.

चैतन्यला आशीर्वाद, पद्माकररावांना नमस्कार. आमची आठवण असू दे, आणि आम्हाला रागवायचा हक्कही तुझ्याकडेच असू दे.

तुझा,
विष्णूदादा